नखांवरचा पक्का रंग
(नभोवाणीवरील भाषण)



‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ अशी आपल्याकडे म्हण आहे. ती ज्यानें प्रथम उच्चारली त्यानें तेरडा नखांस लावून पाहिला नसावा. भाद्रपदांत आपल्या कोंकणांत कित्येक घरीं गौर बसते ती तेरड्याच्या रोपांची. तीं फुलें दोन-तीन दिवसांत माना टाकतात, हें खरें. परंतु तींच फुलें वाटून रात्रभर नखांवर बांधून ठेवलीं, तर नखांस जो तांबूस नारिंगी रंग चढतो तो साबणानें जात नाहीं आणि घांसूनहि जात नाहीं. कोरिया देशांतील मुली हेंच फूल तुरटीबरोबर वाटून नखांस बांधतात, आणि पहिलें बर्फ पडेपर्यंत तो रंग टिकला तर मनींचें प्रेम सफळ होतें, अशी तेथील समजूत आहे. मेंदीचा प्रकारहि असाच. या वनस्पतींतील रंगद्रव्य नखाच्या अंगांत शिरून त्याशीं एकजीव होतें. तो रंग उतरविण्याचा प्रश्नच नसतो. नख वाढतें तसतसा तो टोंकाकडे सरकतो, आणि शेवटीं नखाबरोबर कापला जातो.

आज मी ज्या रंगाविषयीं बोलणार आहें तो अगदीं उलट स्वभावाचा आहे. तो नखांत मुरत नाहीं, नखावर बसतो; पण असा बसतो कीं, नेहमींच्या औषधास दाद देत नाहीं. त्यास ‘जेल नेलपॉलिश’ म्हणतात. ब्यूटी पार्लरमध्यें तो नखांवर चढवितात, निळसर जांभळ्या दिव्याखालीं बोटें धरून पक्का करितात, आणि पुढें दोन-तीन आठवडे तो आरशासारखा चकाकत राहतो. शाळामास्तरानें, आणि तोहि केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, अशा विषयावर बोलावें हें कांहीं श्रोत्यांस चमत्कारिक वाटेल. परंतु दर सोमवारीं मुलांस रांगेंत उभें करून त्यांचीं नखें तपासण्याचें काम आम्हां मास्तरांकडेच असे. तेव्हां नखांशीं माझा परिचय नवा नव्हे.

बोलण्याचें कारण आमच्याच भागांतलें आहे. चतुर्थीस मुंबई-पुण्याहून चाकरमानी मंडळी सिंधुदुर्गांत उतरतात. निघण्यापूर्वीं चार-दोन दिवस लेकीसुना नखें रंगवून घेतात. मग गणपति येतात, गौर येते, मोदक वळले जातात, नारळ खोवले जातात, भांड्यांच्या राशी पडतात आणि दिवसभर हात पाण्यांत असतात. गौरीगणपतींची बोळवण होते तोंवर एखाद्या बोटावर रंगाची कड सुटूं लागते. पार्लर राहिलें मालवणास किंवा कुडाळास. आडबाजूच्या वाडींतून तेथें जाऊन येण्यांत अर्धा दिवस मोडतो. मग ओसरीवर गप्पा मारतां मारतां ती सुटलेली कड दुसऱ्या नखानें उचकटली जाते, आणि भाजलेल्या शेंगदाण्याची साल निघावी तसा अख्खा तुकडा निघून हातांत येतो. त्यांत एक प्रकारचें समाधान असतें, हें मी नाकारीत नाहीं. पण तो तुकडा टाकून देण्यापूर्वीं त्याची खालची बाजू उजेडांत धरून पाहावी. तिच्यावर पांढुरका, कोंड्यासारखा पापुद्रा चिकटलेला दिसतो. तो रंगाचा नव्हे. तो तुमच्या नखाचा आहे. पुढें नखें मऊ पडतात, दुमडतात, गरम पाणी लागलें तरी झोंबतात, आणि सर्वजणी म्हणूं लागतात कीं, या रंगानें आमचीं नखें खाल्लीं. रंगाचे कांहीं दोष आहेत, ते मी पुढें सांगणार आहें. परंतु या बाबतींत तो बहुतांशीं निरपराधी असतो. नखें खाल्लीं जातात तीं उचकटण्यानें आणि खरवडण्यानें.

हा रंग इतका हट्टी कां, हें समजल्यावांचून तो उतरविण्याची रीत ध्यानांत राहावयाची नाहीं. पातळ पदार्थ घट्ट होऊन पृष्ठभागावर बसण्याचे तीन प्रकार येथें लक्षांत घेऊं. पहिला प्रकार सावंतवाडीच्या लाखकामांत पाहावा. लाख उष्णतेनें मऊ होते, लाकडावर पसरते आणि निवली कीं घट्ट बसते. तिला पुन्हां ऊब दिली तर ती पुन्हां मऊ होते. दुसरा प्रकार साध्या नेलपॉलिशचा. त्यांत नायट्रोसेल्युलोज नांवाचें, कापसासारख्या पदार्थापासून केलेलें द्रव्य एका उडून जाणाऱ्या द्रवांत विरघळविलेलें असतें. (याच द्रव्याच्या एका भावंडापासून बंदुकीची दारू होते, असें सांगितल्यास पुष्कळांस खरें वाटत नाहीं.) नखावर लावल्यावर तो द्रव उडून जातो आणि रंगीत पापुद्रा मागें राहतो. तसाच द्रव कापसावर घेऊन पुन्हां लावला कीं पापुद्रा विरघळतो व पुसला जातो. अमेरिकेंत ‘क्युटेक्स’चा पातळ रंग १९१७ सालीं बाजारांत आला, ‘रेव्हलॉन’ची स्थापना १९३२ सालीं झाली, आणि आपल्याकडे टाटांनीं ‘लॅक्मे’ १९५२ सालीं काढली. यांच्या जुन्या बाटल्यांतील रंग या दुसऱ्या जातीचाच. बायकांच्या हातास जी संवय लागली ती त्याची: बोळा फिरविला कीं रंग गेला.

जेलचा प्रकार तिसरा. त्याच्या बाटलींत ॲक्रिलेट आणि मेथॅक्रिलेट या कुळांतील द्रव्यांचे लहान लहान रेणु सुटे असतात, आणि त्यांच्यांत प्रकाशानें जागें होणारें एक द्रव्य मिसळलेलें असतें. दिव्याखालीं बोट धरलें कीं हें द्रव्य जागें होतें आणि मिनिटाभरांत त्या सुट्या रेणूंची एकमेकांशीं सर्व बाजूंनीं गांठ मारतें. दातांतील पोकळी भरून दंतवैद्य तोंडांत निळा दिवा धरतात, तेथेंहि हेंच तत्त्व आहे आणि द्रव्येंहि त्याच कुळांतलीं आहेत. येथें कांहीं वाळत नाहीं, कांहीं उडून जात नाहीं. येथें जाळें विणलें जातें.

आपल्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते ती ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हा फरक समजावून सांगण्याची गरज नाहीं. सुताच्या सुट्या धाग्यांची रास असेल तर एकेक धागा ओढून ती मोकळी करितां येते. साधें नेलपॉलिश विरघळतें तें असें. पण गांठी मारून जाळें झालें कीं धागे सुटे होत नाहींत. पाण्यांत टाकलें तर तें भिजेल, जड होईल, पण जाळेंच राहील. ॲसिटोन नांवाचा द्रव जेलवर घातला असतां हेंच घडतें. तो जाळ्याच्या डोळ्यांतून आंत शिरतो, जाळें फुगवितो, आणि फुगलेल्या लेपाची नखावरील पकड ढिली होते. लेप विरघळत नाहीं. तो सुरकुततो, उकलतो आणि पापुद्र्यांनीं सुटतो. या आंत शिरण्यास वेळ लागतो. दहा-पंधरा मिनिटें बसण्याची तयारी नसेल तर पुढचें सारें ऐकणें व्यर्थ आहे.

जातां जातां एक गंमत सांगतों. २०१० सालीं एका अमेरिकन कंपनीनें हा रंग ‘शेलॅक’ या नांवानें विकावयास आणला, आणि पुष्कळ ठिकाणीं सर्वच जेल-रंगांस तें नांव पडलें. शेलॅक म्हणजे आपली लाख. पण या शेलॅकमध्यें लाख औषधालासुद्धां नाहीं. चकाकी लाखेसारखी, म्हणून नांव तेवढें घेतलें. नांवावर विश्वासून कोणी स्पिरिट लावूं लागेल तर हात कोरडे पडतील. रंग हलणार नाहीं. लाख स्पिरिटांत विरघळते, हा रंग विरघळत नाहीं.

आतां नखाविषयीं थोडें. केंस, गाईचें शिंग, घोड्याचा खूर हीं ज्या केराटिन नांवाच्या द्रव्याचीं बनलेलीं असतात त्याचेंच नख बनलेलें असतें. त्याची जाडी सुमारें अर्धा मिलिमीटर. आणि त्यांतहि एकावर एक थर असतात. नखाचा जिवंत भाग मुळाशीं कातडीखालीं असतो. आपल्याला दिसतें तें सर्व निर्जीव. म्हणून ‘नखांस मधून मधून श्वास घेऊं द्यावा’ हें म्हणणें ऐकावयास गोड असलें तरी खरें नाहीं. नख श्वास घेत नाहीं. त्याच्या मुळास जें पोषण मिळतें तें रक्तांतून. परंतु निर्जीवपणाचा दुसरा अर्थ असा कीं, निघालेला थर पुन्हां भरून येत नाहीं. हाताचें नख महिन्यास सुमारें ३ मिलिमीटर वाढतें. मुळापासून टोंकापर्यंत नवें नख येण्यास जवळ जवळ सहा महिने लागतात. पायाच्या आंगठ्यास तर वर्ष-दीड वर्ष लागतें. चतुर्थीस उचकटलेल्या नखाची खूण शिमग्यापर्यंत बोटावर दिसेल, असा हा हिशेब आहे.

आतां मुख्य काम. त्यास लागणारें सामान फार नाहीं: शुद्ध ॲसिटोन, कापूस, जेवणाचे डबे गुंडाळण्याचा चंदेरी फॉइल-कागद, नखें घांसण्याची बारीक कानस, व्हॅसलीन आणि एक लांकडी काडी. ॲसिटोन घेतांना बाटलीवरील अक्षरें वाचावींत. ‘ॲसिटोन नसलेलें’ असें मोठ्या अभिमानानें छापलेल्या बाटल्या दुकानांत मिळतात. साध्या रंगास त्या चालतात, जेलला चालत नाहींत. अशी बाटली घेऊन तासभर घांसत बसलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, आणि शेवटीं चिडून त्या उचकटण्याकडेच वळतात.

प्रथम हात साबणानें धुवून कोरडे करावे. नंतर नखाभोंवतालच्या कातडीस व्हॅसलीन सढळ हातानें चोपडावें. नखावर मात्र येऊं देऊं नये. ॲसिटोन कातडीचें तेल शोषून घेतें व ती पांढरी, खरखरीत करून सोडतें, म्हणून ही चिलखताची योजना. खोबरेल आपल्या घरांत नेहमीं असतें, पण तें पातळ असल्यानें ओघळून नखावर येतें. येथें व्हॅसलीनच बरें. मग कानशीनें रंगाच्या वरच्या थराची चकाकी मोडावी. चकाकी मोडावी एवढेंच; रंग घांसून काढावा असें मीं म्हटलेलें नाहीं. पृष्ठभाग पाटीसारखा मंद दिसूं लागला कीं थांबावें. वरचा गुळगुळीत थर सर्वांत घट्ट असतो. तो खरबरीत झाला नाहीं तर ॲसिटोनला आंत वाट मिळत नाहीं. पुष्कळांचा प्रयत्न फसतो तो ही पायरी गाळल्यामुळें.

यानंतर नखाच्या आकाराएवढाच कापसाचा तुकडा ॲसिटोनमध्यें भिजवून नखावर ठेवावा व वरून फॉइलचा चौकोनी तुकडा बोटाच्या टोंकास घट्ट गुंडाळावा. कापूस मोठा घेतला तर कातडी उगीच भिजते. फॉइल सैल राहिलें तर ॲसिटोन उडून जातें आणि कापूस कोरडा पडतो. एका वेळीं एकच हात घ्यावा म्हणजे दुसरा कामास मोकळा राहतो. घड्याळ पाहून दहा ते पंधरा मिनिटें स्वस्थ बसावें. मग सर्व बोटें एकदम न सोडतां एकच सोडून पाहावें. रंग सुरकुतून, कडा वर करून बसलेला दिसला तर लांकडी काडीनें मुळाकडून टोंकाकडे हलकेच ढकलावा. तो सायीसारखा सरकतो. सरकला नाहीं, तर तो तयार झालेला नाहीं असें समजावें आणि पुन्हां ओला कापूस ठेवून पांच मिनिटें गुंडाळावें. तिसऱ्यांदा गुंडाळावें लागलें तरी कमीपणा नाहीं. जोर करावासा वाटणें हीच थांबण्याची खूण. चाकूचें टोंक, सुई, कात्री, किंवा मासे साफ करण्याच्या उत्साहानें हातीं घेतलेलें कोणतेंहि लोखंड येथें वर्ज्य आहे.

सर्व रंग निघाल्यावर हात साबणानें धुवावे व नखांस आणि त्यांच्या मुळाशीं तेल चोळावें. आतां खोबरेल अगदीं योग्य. नखें पहिल्या दिवशीं पांढुरकीं, कोरडीं दिसतात. त्यानें घाबरण्याचें कारण नाहीं, पुष्कळसा तो ॲसिटोननें आलेला कोरडेपणा असतो. चार-आठ दिवस रात्रीं निजतांना तेल लावीत जावें आणि नखें आंखूड ठेवावींत.

येथें एक अपवाद. नखें लांब करण्यासाठीं जे जाड, टणक जेल वापरतात त्यांपैकीं कांहींचें जाळें इतकें दाट असतें कीं, ॲसिटोन त्यांत शिरूं शकत नाहीं. तीं घांसूनच काढावीं लागतात, आणि तें काम सरावलेल्या हाताचें आहे. म्हणून रंग लावून घेतांनाच विचारावें, ‘हा भिजवून निघणारा आहे ना?’ उत्तर नीट मिळालें नाहीं तर दुसरें दुकान पाहावें. आपण साडी घेतांना रंग जाईल काय म्हणून दहादां विचारतों. येथें रंग जाईल ना, एवढें एकदां विचारण्यास हरकत नसावी.

आतां ॲसिटोनविषयीं जें सांगणार आहें तें सर्वांनीं, विशेषतः घरांतील वडील माणसांनीं, लक्ष देऊन ऐकावें. हा द्रव अत्यंत ज्वालाग्राही आहे. पाणी १०० अंशांवर उकळतें, ॲसिटोन ५६ अंशांवर. आणि शून्याखालीं सुमारें २० अंश इतक्या थंडींतहि त्याची पेट घेण्याजोगी वाफ निघत असते. मग आपल्या दमट, उबदार खोलींत काय होत असेल याचा विचार करावा. ती वाफ हवेच्या दुप्पट जड असते. ती धुरासारखी वर जात नाहीं. पाटावरून, चटईवरून, जमिनीलगत पसरत जाते. आपल्या घरांत अग्नि कोठें असतो? समई जमिनीवर, निरांजन देव्हाऱ्यांत, उदबत्ती कोपऱ्यांत, डांस घालविण्याची वेटोळ्याची वडी खाटेखालीं, आणि मागल्या दारीं चूल. बोटांस भिजलेला कापूस बांधून माणूस बसतें तें नेमकें यांच्या शेजारीं. त्यांत आमच्याकडे पावसाळ्यांत वीज गेली कीं घरांतील मुलगा धांवत जाऊन मेणबत्ती आणतो. बोटें बांधलेल्या आईसमोर तो ती ठेवूं लागला तर काय होईल हें सांगावयास नको. हें काम दिवसाउजेडीं, उघड्या खिडकीपाशीं किंवा पडवींत वाऱ्यावर, स्वयंपाकघरापासून आणि देवघरापासून दूर करावें. आणि गणपति घरांत असतांना, दिवे अष्टौप्रहर तेवत असतांना, तें काम नकोच. ॲसिटोन कोमट केलें असतां रंग लवकर निघतो असें कोठें ऐकाल. विस्तवावर, मायक्रोवेव्हमध्यें, कशांतहि तें गरम करूं नये. ऊब हवीच असेल तर गुंडाळलेल्या बोटांवर कोरडा टॉवेल टाकावा, तेवढी पुरे.

ॲसिटोन अनेक प्रकारचें प्लास्टिक आणि व्हार्निशहि खातें. चष्म्याची चौकट, मोबाइलचें आवरण, टी.व्ही.चा रिमोट, पॉलिश केलेलें मेज यांवर थेंब पडूं देऊं नये. सावंतवाडीहून हौसेनें आणलेला रंगीत चौरंग असेल तर त्यावर ही बाटली ठेवण्याचें धाडस मी तरी करणार नाहीं. खालीं जुनीं वर्तमानपत्रें पसरावींत. बाटलीचें बूच प्रत्येक वेळीं लावावें, आणि ती पाण्यासारखी दिसते म्हणून लहान मुलांच्या हातीं लागणार नाहीं अशा उंच जागीं, चुलीपासून लांब ठेवावी. पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलींत ती ओतून ठेवणें हा गुन्हा समजावा. वापरलेला कापूस तसाच केरांत किंवा चुलींत टाकूं नये. उघड्यावर पूर्ण वाळूं द्यावा व मग टाकावा.

ॲसिटोन मिळालें नाहीं म्हणून घरांत असलेल्या दुसऱ्या द्रवाकडे हात जातो, तोहि आवरावा. आमच्या किनाऱ्यावर होड्या रंगविणाऱ्यांच्या घरीं थिनरचा डबा हटकून असतो. वासानें तो ॲसिटोनचा भाऊ वाटतो. पण त्यांत टोल्यूइनसारखीं घातक द्रव्यें असूं शकतात, आणि तीं कातडीवर बांधून ठेवण्यासाठीं नसतात. रॉकेल, पेट्रोल यांविषयीं बोलावयासच नको. चार दिवस थांबावें, कड फार टोंचत असेल तर कानशीनें साफ करून घ्यावी, आणि कोणी शहरांत जाणारा असेल त्याकडून बाटली मागवावी.

रंग अंगावर असतांनाची काळजी थोडक्यांत सांगतां येण्याजोगी आहे. नख पाणी पितें व फुगतें, वाळलें कीं आकसतें. वरचा लेप तितकासा फुगत नाहीं. दिवसांतून वीस वेळां अशी ओढाताण झाली कीं कड सुटते. म्हणून भांडीं घांसतांना, कपडे धुतांना, बांगडे-सौंदाळे साफ करतांना रबरी हातमोजे घालावे. ओल्या हातास तेल लावण्याचा परिपाठ ठेवावा. डब्याचें झांकण नखानें उचकटूं नये. कड सुटली असेल आणि रंग उतरविण्यास अवकाश असेल तर ती ओली राहूं देऊं नये. सुटलेल्या लेपाखालीं किंवा नखाखालीं पाणी मुरत राहिलें तर तेथें जंतु वाढतात आणि नख हिरवट दिसूं लागतें. पावसाळ्यांतल्या आमच्या हवेंत हें अधिकच संभवतें. तो हिरवा रंग दिसल्यावर त्यावर नवा लाल रंग चढवून झांकणें हा उपाय नव्हे. सर्व लेप काढावा व डॉक्टरांस नख उघडें दाखवावें.

घरच्या घरीं लावण्याच्या पेट्या आतां टपालानें मागवितां येतात, दिव्यासकट. त्यांविषयीं मी जरा कठोरपणें बोलणार आहें. मघां ज्या सुट्या रेणूंविषयीं सांगितलें त्यांची गांठ पूर्ण पडली कीं ते बहुतांशीं निरुपद्रवी होतात. परंतु दिवा कमजोर असेल, एका कंपनीचा दिवा व दुसऱ्या कंपनीचा रंग असेल, किंवा थर जाड दिला असेल, तर वरून घट्ट दिसणाऱ्या लेपांत सुटे रेणु राहतात. लावतांना हात थरथरून कातडीवर ओघळ आला तर तेहि थेट कातडीस लागतात. आमच्या भागांत ओले काजूगर काढणाऱ्या बायका हातांस तेल कां चोळतात, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस ही गोष्ट लगेच पटेल. काजूच्या सालीचा चीक हात भाजतो तें आपल्यास दिसतें, म्हणून आपण जपतों. हा चीक मात्र पहिल्या दहा वेळीं कांहीं करीत नाहीं, आणि अकराव्या वेळीं बोटांच्या टोंकांस खाज, लाली, फोड, पापण्यांस सूज असा प्रकट होतो. एकदां अशी ॲलर्जी जडली कीं ती सहसा जन्मभर राहते. आणि पुढें दातांत भरावयाचें द्रव्य, सांध्याच्या शस्त्रक्रियेंत हाड बसविण्याचें सिमेंट, मधुमेह्यांच्या दंडावर चिकटविण्याची मापकाची पट्टी यांतहि याच कुळांतलीं द्रव्यें असूं शकतात. नखाच्या हौसेपायीं माणूस तेथें अडून बसतें. युरोपीय संघानें यांतील हेमा नांवाचें द्रव्य २०२१ सालापासून नखांच्या प्रसाधनांत केवळ व्यावसायिकांच्या हातीं ठेवलें. आणि प्रकाशानें जागें होणारें टी.पी.ओ. नांवाचें दुसरें द्रव्य १ सप्टेंबर २०२५ पासून प्रसाधनांतून अजिबात वर्ज्य केलें. आपण पेटी घेतांना निदान तिच्यावरील बारीक अक्षरें वाचावींत आणि हीं दोन नांवें तींत आहेत काय तें पाहावें. खाज सुटली तर ‘सहन होईल हळूहळू’ असें म्हणूं नये. ती वाढत जाते. रंग काढावा, पुन्हां लावूं नये, आणि त्वचारोगतज्ज्ञास दाखवावें.

दिव्याच्या प्रकाशाबद्दल पुष्कळजणी विचारतात. त्यांतून सूर्यप्रकाशांतल्याप्रमाणें नीलातीत किरण निघतात. २०२३ सालीं कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं प्रयोगशाळेंत वाढविलेल्या पेशींवर असा दिवा वीस मिनिटें धरला असतां त्यांपैकीं २० ते ३० टक्के पेशी मेल्या, असें प्रसिद्ध झालें. बशींतील उघड्या पेशी आणि हातावरची जाड कातडी यांत फार अंतर आहे, आणि बोट दिव्याखालीं एका वेळीं मिनिटभरच असतें. तेव्हां एवढ्यावरून घबराट नको. तरी बोटांचीं टोंकें तेवढीं उघडीं ठेवणारे हातमोजे घालावे किंवा अगोदर उन्हापासून रक्षण करणारें मलम हातांस लावावें. त्यास खर्च फारसा नाहीं.

राहतां राहिली दवाखान्याची गोष्ट. नखाच्या रंगावरून डॉक्टर पुष्कळ ओळखतात: रक्त कमी आहे काय, प्राणवायु पुरतो काय. बोटास लावण्याचें जें चिमट्यासारखें यंत्र २०२० व २०२१ सालांच्या साथींत आपल्या घरोघर आलें, तेंहि नखांतून प्रकाश पाठवून प्राणवायु मोजतें, आणि गडद रंगानें त्याचा आंकडा चुकूं शकतो. ज्यांस शस्त्रक्रियेसाठीं किंवा बाळंतपणासाठीं दाखल व्हावयाचें आहे त्यांनीं दोन्ही हातांच्या नखांवरील रंग आदल्या दिवशींच, वर सांगितल्याप्रमाणें वेळ घेऊन, घरीं उतरवावा. ऐन वेळीं दवाखान्यांत परिचारिकेस त्यासाठीं पंधरा मिनिटें मिळत नाहींत, आणि ज्या खोलींत प्राणवायूच्या नळ्या आहेत तेथें ॲसिटोनची बाटली उघडणें कोणासहि परवडणारें नाहीं.